पाचव्या तसबिरीचे हसू

१

काळ्या मखमलीवर पाच तसबिरी ओळीने मांडलेल्या होत्या. प्रत्येक तसबीर काडेपेटीहून लहान. पाचही एकाच स्त्रीच्या. पहिलीत ती चकित झाली होती, दुसरीत रागावली होती, तिसरीत काळजीत होती, चौथीत शांत बसली होती. पाचवीपुढे वृद्ध चित्रकार उभे होते आणि त्यांचा उजवा हात कापत होता. तीस वर्षांच्या स्नेहात डॉक्टरीणबाईंनी तो हात कापताना कधी पाहिला नव्हता.

"ही ती नव्हे," चित्रकार म्हणाले. "माझी ही हसत होती. ही कोण रडवी बाई आणून बसवली आहे इथे?"

पंधरा दिवसांपूर्वी डॉक्टरीणबाईंनी स्वहस्ते त्यांच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला होता. डाव्याची पाळी पुढच्या महिन्यात होती. पंधरा दिवस कामाची खोली वर्ज्य, ही त्यांची सक्त ताकीद आणि चित्रकारांनी ती, आश्चर्य म्हणजे, पाळलीही. आज सकाळी दवाखान्यात नवा चष्मा चढताच ते म्हणाले होते, "आधी घरी. आधी हिला पाहतो, मग जग पाहू." हौसेने बाई सोबत आल्या आणि असे झाले.

"या पंधरा दिवसांत या तसबिरींपर्यंत कोण कोण पोचलं?" त्यांनी विचारले.

"तिघं. माझी लेक, झाडलोट करायला. चौकटवाला, त्याच्या दुकानी काचा पुसायला दिल्या होत्या. आणि किल्ली ज्याच्या कनवटीला असते तो." चित्रकारांनी दाराकडे पाहिले. दारात त्यांचा शिष्य उभा होता. वय चौतीस, त्यातली चौदा वर्षे याच खोलीत गेलेली. एकेक रेघ ओढायला इतका वेळ घेई की गुरूंनी त्याचे नाव पहिल्याच महिन्यात 'कासव' ठेवले आणि सगळ्यांनी ते उचलले. "अशी नक्कल करू शकेल असा हात या गावात दुसरा कोणाचा आहे? बोल ना, कासवा! विकलीस की कोणाला नजराणा म्हणून दिलीस?"

शिष्याने खाली घातलेली मान वर केली नाही.

"आज चारला चित्रकार मंडळाचे चिटणीस येताहेत," चित्रकार डॉक्टरीणबाईंना म्हणाले. "त्यांच्यासमोर ही खोली, हे कुंचले, सगळं याच्या हवाली करणार होतो. आता त्यांच्यासमोर दुसरंच सांगेन. पुन्हा कोणत्याही चित्रशाळेत याला पाऊल टाकता येणार नाही."

"चारपर्यंत मला वेळ द्या," बाई म्हणाल्या.

"तुम्ही डोळ्यांच्या डॉक्टर. चोर कसा पकडणार?"

"डोळ्यांत तेल घालून. पण तुमच्या नव्हे, माझ्या."

बाईंनी पिशवीतले भिंग काढले आणि त्या तसबिरीवर वाकल्या. चाळीस वर्षे परक्यांच्या बुबुळांत डोकावलेली ती नजर. तिला तीन गोष्टी दिसल्या. गालाखालच्या सावलीत निळा रंग होता, हिवाळ्यात गारठलेल्या कातडीसारखा. दोन भुवयांच्या मधोमध दोन उभ्या आठ्या होत्या; बाकीच्या चारांत, रागावलेल्या मुद्रेतही, त्या नव्हत्या. आणि बुबुळातला पांढरा ठिपका, ज्याने रंगवलेला डोळा जिवंत होतो, तो मोहरीच्या दाण्यासारखा वर आलेला होता.

तसबिरीवर काच असूनही बाईंच्या मनात आले, हिच्याकडे पाहणाऱ्याला हीच पाहते आहे. आणि ती काहीतरी सांगू पाहते आहे.

२

चौकटवाल्यांचे दुकान त्याच गल्लीच्या तोंडाशी होते. लाकडाचा भुसा, सरसाचा वास आणि मालकांची अखंड बडबड, ही तिथली तीन वैशिष्ट्ये.

"या या! माझ्याही डोळ्यांचं बघा जरा. बायको म्हणते, मला ती दिसतच नाही."

"दिसते, पण ऐकू येत नाही, असं सांगा. काका, चित्रकारांच्या पाच तसबिरी तुमच्याकडे किती वेळ होत्या?"

चौकटवाल्यांचा रंधा थांबला. "एक दुपार. कासव स्वतः घेऊन आला आणि स्वतःच घेऊन गेला. मधल्या वेळात स्टुलावर बसून राहिला. चहा दिला तर पेल्यात पाहत बसला, प्यायला नाही. का हो? काय झालं?"

बाईंनी झाले ते सांगितले. काका बराच वेळ रंध्यावरून बोटे फिरवत राहिले.

"बाई, मला कलेतलं ओ की ठो कळत नाही. मला लाकूड कळतं. त्या चौकटींना मी काच खिळवलेली नाही. खाचेतून सरकणारी ठेवली आहे, त्यांनीच तसं मागितलं होतं. दहा वर्षांपूर्वी केल्या त्या. आता नीट ऐका. चार चौकटींच्या काचा मला सुरीच्या टोकाने उचकटाव्या लागल्या, इतक्या घट्ट बसलेल्या. पाचवीची मात्र बोट लावताच लोण्यासारखी सरकली. खाच झिजून गुळगुळीत झालेली. एखादं रोजच्या वापरातलं कपाट असावं तशी."

"म्हणजे ती वारंवार उघडली जात होती."

"वारंवार? हजार वेळा उघडल्याशिवाय सागवान असं झिजत नाही."

बाईंनी मनाशी हिशेब केला. पंधरा दिवसांत हजार वेळा कोण उघडील? "आणि आतला चेहरा? तो तुमच्याकडे आला तेव्हा कसा होता?"

"असाच. रडवेला. मला वाटलं, वहिनी गेल्यावर मास्तरांनी नवीन काढली असेल." मग आवाज उतरवून ते म्हणाले, "मी तसं कासवाला बोललोही. तर तो हात जोडून म्हणाला, काका, हे गुरुजींच्या कानावर घालू नका."

३

चित्रकारांची लेक शाळेत भूमिती शिकवी. मधल्या सुट्टीत फळ्याखालच्या बाकावर ती आणि डॉक्टरीणबाई शेजारी बसल्या. फळ्यावर अर्धवट पुसलेले वर्तुळ होते.

"मावशी, मी ती मागितली होती, हे खरं," लेक म्हणाली. "आई गेली त्या वर्षी. म्हटलं, बाबा, पाचातली हसरी मला द्या. तर म्हणाले, बाकीच्या चार ने, ही नाही. दोन महिने बोलले नाही मी त्यांच्याशी."

"आणि आता?"

"आता फुकट दिली तरी नको."

"का गं?"

ती खडूची पूड बोटांनी चोळत राहिली. "आई हसायची ना, तेव्हा आधी डोळे हसायचे आणि मग तोंड. बाबांनी ते बरोब्बर धरलं होतं. आणि मग… मी दर रविवारी झाडायला जाते. तीनेक वर्षांपूर्वी एका रविवारी पाहिलं तर वाटलं, आई हसते आहे पण मनापासून नाही. पुढच्या वर्षी वाटलं, हसता हसता थांबली. मी पाहणंच सोडलं. म्हटलं, चित्र कसं बदलेल? मीच बदलले. माझंच मन काळवंडलं. कोणाला सांगणार? वेड लागलं म्हणाले असते."

"तीन वर्षांपूर्वी?" बाईंनी पुन्हा विचारले.

"हो. का?"

घंटा झाली. मुले आत घुसली. बाई उठल्या, पण त्यांचा पाय निघेना. तीन वर्षे लागावीत अशी चोरी त्यांनी आयुष्यात ऐकली नव्हती.

"एक सांग," दाराशी वळून त्या म्हणाल्या. "तसबीर तीच आहे की दुसरी, हे ओळखण्याची काही खूण?"

"आहे की. बाबांचा नियम आहे. ज्याचं चित्र, त्याने कागदाच्या पाठीवर तांबड्या रंगात आपला अंगठा उमटवायचा. चेहरा आमचा, ग्वाही तुमची, असं म्हणायचे. आईने पाचही कागदांवर उमटवला आहे."

४

दुपारचे तीन वाजून गेले होते. चित्रकार आतल्या खोलीत पडले होते. कामाच्या खोलीत शिष्य आपल्या वस्तू एका कापडी थैलीत भरत होता. चौदा वर्षांचा संसार तो. दोन सदरे, एक भिंग, खारीच्या केसांचे सहा कुंचले.

"भरण्याआधी जरा मदत कर," बाई म्हणाल्या. "हे कागद चौकटीतून बाहेर काढ."

त्याने काढले. पाचही कागद बाईंनी पालथे केले आणि भिंगाखाली धरले. पाच तांबडे अंगठे. पाचांच्याही डाव्या अंगाला तिरकी बारीक रेघ होती, कधीतरी विळीने कापल्याची. सहा वर्षांपूर्वी निवर्तलेल्या स्त्रीचा अंगठा पाचव्या कागदावरही जसाच्या तसा होता.

"तसबीर बदललेलीच नाही," बाई हळूच म्हणाल्या. "कागद तोच. बदलली आहे ती त्याच्यावरची मुद्रा."

शिष्याने थैली खाली ठेवली. "मीच केलं," तो म्हणाला. "गुरुजी पडून होते त्या पंधरा दिवसांत. मत्सर झाला मला. तसं चिटणीसांना सांगा. संपवा एकदाचं."

"पंधरा दिवसांत?"

"हो."

"कासवा, एक भुवई रंगवायला तुला आठवडा लागतो असं तुझे गुरू जगाला सांगत फिरतात. बरं, तेही सोड. हा पांढरा ठिपका बघ. बाकीच्या चारांत तो सपाट आहे. इथे थरांवर थर चढले आहेत. कडेकडेचे थर पिवळे पडले आहेत आणि मध्ये मध्ये धूळ बसून त्यावर पुन्हा पांढरा लागला आहे. पंधरा दिवसांची धूळ नाही ही. वर्षांची आहे."

बाईंची नजर मेजावरच्या रंगांच्या शिंपल्यांकडे गेली. दहा शिंपले आणि प्रत्येकाच्या काठाला छिद्र पाडून दोरा बांधलेला. कुठे एक गाठ, कुठे दोन, कुठे पाच.

"हे दोरे कशाला?"

"ओळखायला."

"तुला रंग ओळखायला गाठी लागतात?"

शिष्याने शिंपले घाईने आपल्याकडे ओढून घेतले. त्या क्षणी डॉक्टरीणबाईंना पंधरा दिवसांपूर्वीचे आपले शस्त्रक्रियेचे मेज आठवले आणि चित्रकारांच्या डोळ्यातून निघालेले ते मोतीबिंदूचे भिंग. स्वच्छ काचेसारखे असायला हवे होते; निघाले ते जुन्या मधासारखे, गडद पिंगट. मधाच्या रंगातून पाहणाऱ्याला निळा दिसतच नाही. त्याला सगळे जग पिवळे पडत चालल्यासारखे वाटते. आणि तो चित्रकार असेल तर पिवळेपणा घालवायला तो काय मिसळील?

"अरे देवा," त्या म्हणाल्या आणि मटकन स्टुलावर बसल्या.

५

"नका बोलू मोठ्याने," शिष्य म्हणाला. आतल्या खोलीचे दार त्याने लोटून घेतले. "भिंतीला कान नसतील, पण गुरुजींना आहेत, आणि ते अजून शाबूत आहेत."

मग, ज्याने एक वाक्य बोलायला कधी अर्धा तास लावला असता, तो घडाघडा बोलू लागला.

"काकू गेल्या. गुरुजी रोज सकाळी कामाला बसण्याआधी काच सरकवायचे. म्हणायचे, आज हिचा डोळा मंद दिसतो, आणि ठिपका उजळायचे. मंद ती नव्हती, बाई. मग म्हणायला लागले, चेहरा पिवळा पडतोय, आणि सावलीत निळा द्यायचे. मग म्हणायला लागले, हसू पुसट होतंय. ओठांच्या कडेला एक रेघ, केसाएवढी. रोज एकच. रोज एका रेघेने काय होतं? मला पहिली दोन वर्षं कळलंसुद्धा नाही."

"पण रेघ हसऱ्या वळणाची काढली, तर ती रडवी कशी होईल?"

शिष्याने भिंतीवरच्या लहान आरशाकडे बोट केले. "या खोलीचा नियम तुम्हाला ठाऊक आहे. भाव आधी आपल्या तोंडावर आणायचा, आरशात पाहून तो धरून ठेवायचा आणि मगच कुंचला उचलायचा. राग रंगवताना इथे शेजारी घाबरायचे. गुरुजी रोज सकाळी त्या आरशासमोर उभे राहून हसायचे. मी पाहिलं आहे ते हसणं." त्याने स्वतःच्या कपाळाला बोट लावले. "ओठ वर जायचे, पण इथे, भुवयांच्या मध्ये, दोन आठ्या पडायच्या. आरशात त्यांना त्या दिसत नव्हत्या. हाताला मात्र कळत होत्या."

"आणि तू गप्प राहिलास."

"काय सांगू? तुम्हाला रंग दिसत नाहीत, असं? मी दोरे बांधले. गुरुजींना सांगितलं, माझाच गोंधळ होतो म्हणून बांधतोय. ते हसले मला, महिनाभर. हसले तेव्हा बरं वाटलं."

डॉक्टरीणबाईंनी डोळे पुसले. "मग आज सांग. तू चोर नाहीस."

"बाई," शिष्य त्यांच्यासमोर उकिडवा बसला. "घरात चोरी झालेला माणूस जगतो. शिव्या देतो, जेवतो, झोपतो. पण आपल्या बायकोचं हसू आपल्याच हाताने, रोज एक रेघ, असं सहा वर्षं पुसलं, हे ज्याला कळेल तो उद्या कुंचला कसा उचलेल? मी जातो. कुठेही चौकटी रंगवून पोट भरेन. तुम्ही फक्त गप्प राहा."

बाई हातातले भिंग फिरवत राहिल्या. त्यांच्या व्यवसायात एक गोष्ट निश्चित होती: माणसाला दिसावे, एवढ्यासाठी झटायचे. काय दिसेल, याचा विचार त्यांनी कधी केला नव्हता. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांना आपल्या हातातल्या भिंगाचा भार जाणवला. एका पारड्यात म्हाताऱ्याचा हात होता आणि दुसऱ्यात या माणसाचे उभे आयुष्य.

भिंतीवरच्या घड्याळात पावणेचार झाले. आतून चित्रकारांच्या चपलांचा आवाज येऊ लागला.

६

ते आले ते स्वच्छ सदरा घालून. मागोमाग लेकही आली, शाळेतून परस्पर.

"सापडला का चोर?" त्यांनी विचारले.

"सापडेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आधी मला तुमचा डोळा तपासू द्या. सकाळी घाईत राहून गेलं."

"आता? चिटणीस दारात येतील!"

"आले तर बसतील. तुम्ही बसा."

उत्तरेच्या खिडकीखाली त्यांनी चित्रकारांना बसवले. पाचवी तसबीर त्यांच्या हाती दिली आणि आपल्या तळव्याने त्यांचा उजवा डोळा झाकला. डावा उरला, तो, ज्याच्यातला मध अजून तसाच होता, निळी सावली आणि केसाएवढ्या रेघा गिळून टाकणारा.

"काय दिसतं?"

चित्रकारांनी तसबीर जवळ नेली. आणि त्यांचा सगळा चेहरा उजळला.

"अगं बाई! ही तर हीच! कुठे सापडली? बघा, बघा ना, आधी डोळे हसतात हिचे आणि मग…" ते लेकीकडे वळले. "ये, तुझी आई बघ!"

लेकीने तोंडावर हात धरला. शिष्याने भिंतीकडे तोंड फिरवले.

बाईंनी उजव्या डोळ्यावरचा तळवा काढला आणि डाव्यावर ठेवला. बोलण्याचे धैर्य त्यांच्यात नव्हते, म्हणूनच तर त्यांनी हे चित्रकारांच्या डोळ्यांवर सोपवले होते.

चित्रकारांचे हसू तिथल्या तिथे थिजले. त्यांनी बाईंचा हात बाजूला सारला आणि स्वतःच्या तळव्याने एकदा हा डोळा झाकला, एकदा तो. पुन्हा हा. पुन्हा तो. खिडकीबाहेर कोणीतरी हातगाडी ओढत गेले. तिच्या चाकाची कुरकुर पार गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू आली.

"आरसा," ते म्हणाले.

शिष्य हलला नाही. लेकीने आरसा खुंटीवरून काढून दिला. चित्रकारांनी उजव्या, नव्या डोळ्याने आपला चेहरा पाहिला. सहा वर्षांत तो त्यांनी नीट पाहिला नव्हता. भुवयांच्या मधोमध दोन उभ्या आठ्या होत्या. त्यांनी मुद्दाम ओठ वर ओढून हसून पाहिले. मग तसबीर आरशाशेजारी धरली आणि दोन्हींकडे आळीपाळीने पाहत राहिले. दोन कामांतला हात एकच की नाही, हे पारखावे तसे.

"हा भाव हिचा नाही," अखेर ते म्हणाले. "माझा आहे. हिच्या तोंडावर मी माझं तोंड काढलं."

थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "वरचे थर निघतील?"

"पाण्याचे रंग आहेत, गुरुजी," शिष्य भिंतीकडे पाहतच म्हणाला. "एकमेकांत मुरलेत. तुमचे काढायला गेलो तर काकूही जातील."

"खरं आहे." त्यांचा हात शिंपल्यांवरून फिरला, एका दोऱ्याच्या तीन गाठींपाशी थांबला. "हे दोरे केव्हा बांधलेस?"

"चार वर्षं झाली."

"आणि तुझाच गोंधळ होतो म्हणालास. मी महिनाभर तुला हसलो, माझ्या शिष्याला निळा आणि हिरवा कळत नाही म्हणून." चित्रकार उठले, दोन पावले चालले आणि शिष्याच्या पाठीशी उभे राहिले. "सकाळी तुझ्यावर आळ घेतला. बोल मला. जे तोंडाला येईल ते बोल."

शिष्य वळला. डोळे लाल होते, पण ओठांच्या कडेला काहीतरी हलले. "मी कासव, गुरुजी. पाठ टणक असते."

बाहेर दाराची कडी वाजली. चिटणीस आले होते. लेक उघडायला गेली. चित्रकारांनी मेजावरची थैली उलटी केली. सदरे बाजूला सारून सहाही कुंचले पुन्हा मातीच्या भांड्यात उभे केले, आणि त्यांच्या शेजारी आपला सर्वांत बारीक कुंचला ठेवला, ज्याला ते कोणाला हात लावू देत नसत.

"हिचा ठिपका आता कोणी उजळायचा नाही," ते शिष्याला म्हणाले. "तूही नाही. काच खिळवून घे."

मग ते डॉक्टरीणबाईंकडे वळले. बाईंनी आपली पिशवी छातीशी घट्ट धरली होती; आता काय ऐकावे लागेल, याची त्यांना भीती वाटत होती.

"पुढच्या महिन्यात तुम्ही हा डावाही डोळा स्वच्छ करणार."

"हो. पिकला आहे. ठेवण्यात अर्थ नाही. अजून वाढला तर…"

"किती दिवस राहील?"

"दिसणं? वर्षभर, फार तर. मग तिकडून अंधारच."

"उजवा कामाला पुरेल," चित्रकार म्हणाले. "डावा राहू द्या."

चाळीस वर्षांत डॉक्टरीणबाईंनी कोणाही रुग्णाला असे काही मान्य केले नव्हते. ओसरीवरून चिटणिसांच्या जोड्यांचा आवाज जवळ येत होता. त्यांनी पिशवीतून दैनंदिनी काढली, पुढच्या महिन्यातले ते पान शोधले आणि त्यावरचे एक नाव पेन्सिलीने खोडले.

चित्रकारांनी उजवा डोळा तळव्याने झाकून घेतला होता. तसबीर त्यांच्या दुसऱ्या हातात होती, आणि तो हात कापत नव्हता.